एकिनेशियासाठी लावलेलं कुलूप

मुलाने अमेरिकेतून येताना एकिनेशिया नावाच्या तिकडच्या फुलझाडाच्या बिया आणल्या. म्हणाला, "आई, हे एकदा लाव, मग दर वर्षी मुळातून आपोआप फुटतं. तुला काही करावं लागणार नाही." मला काही करावं लागू नये, याची त्याला फार काळजी. यजमान गेल्यापासून धायरीच्या या घरात मी एकटी दिवसभर काय करते, ते मात्र त्याने कधी विचारलं नाही.

त्या बियांना म्हणे आधी थंडी लागते. धायरीत कुठून आणायची अमेरिकेची थंडी? ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. रोपं आली, पण पहिलं वर्षभर नुसती पानं. पाणी जरा जास्त झालं की मान टाकायची. पावसाळ्यात कुंड्या उचलून पत्र्याखाली घ्यायच्या, उघडीप झाली की पुन्हा उन्हात. एवढे लाड मी पोराचेही केले नव्हते. शेवटी एकच रोप जगलं. फोनवर मी मुलाला कुंडीची हकिगत सांगायचे आणि तो "हं, हं" करत पलीकडे टायपिंग करत असायचा. ऐकू यायचं मला.

दुसऱ्या वर्षी कळी धरली आणि त्याच सुमारास त्याचा फोन आला, कंपनीच्या कामासाठी पुण्यात येतोय. काय हरखले मी! त्याने ते फूल झाडावर बघावं, बास, एवढंच डोक्यात बसलं.

आड आल्या त्या फुलं चोरणाऱ्या बाई. मागच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. रोज सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन यायच्या, फाटक ढकलून खुशाल आत शिरायच्या आणि माझी जास्वंद ओरबाडायच्या. मी खिडकीतून ओरडायचे, "अहो, चोरीची फुलं चालतात का तुमच्या देवाला?"

त्या मानही वर न करता म्हणायच्या, "त्याने अजून तक्रार केलेली नाही."

"निदान कळ्या तरी ठेवा!"

"ठेवल्यात की. चष्मा लावून बघा."

रोज हेच. मग मी चहाचं आधण ठेवायला जायचे. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

पण त्यांचा हात एकिनेशियाच्या कळीवर पडला तर? मी सरळ कुलूप आणलं आणि फाटकाला लावलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते हलवून पाहिलं.

"एवढं काय सोनं पुरलंय?"

"फूल यायचंय. मुलासाठी राखून ठेवलंय."

त्या बाहेरूनच कुंडीकडे बघत राहिल्या. "कसलं हो?"

मी सांगितलं नाही. खिडकी लावून घेतली, ती पुढे सकाळी उघडलीच नाही.

मुलगा आला तो हिंजवडीतच हॉटेलात उतरला. धायरीहून रोज जायचं तर ट्रॅफिकमध्येच दिवस संपला असता, खरंच आहे ते. रविवारी घरी आला. फूल पुरतं उमललं होतं, गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या, मधे घासणीसारखं काटेरी बोंड. तो फोन कानाला लावूनच कुंडीपाशी उभा राहिला. बोलणं संपल्यावर फोटो काढला. "अरे वा, आलं की! आमच्याकडे रस्त्याच्या कडेला माजतं हे." आमच्याकडे म्हणाला. पुरणपोळी खाल्ली, डुलकी काढली, संध्याकाळी कॅब आली. ती वळल्यावर मी फाटकाला पुन्हा कुलूप लावलं.

सोमवारी उजाडताच फाटकाचं कुलूप काढलं आणि खिडकीशी उभी राहिले. बाई आल्याच नाहीत. मंगळवारीही नाहीत. मग मीच ते फूल कापलं आणि मागच्या गल्लीत गेले. इतक्या वर्षांत नाव कुठे विचारलं होतं? पिशवीवाल्या बाई म्हटल्यावर एकीने दार दाखवलं. बंद होतं.

"त्यांना लेकीने बंगळूरला नेलं, कायमचं," ती म्हणाली. "निघताना तुमच्याकडे जाऊन आल्या होत्या, निरोप घ्यायला. खूप हाका मारल्या म्हणाल्या. तुमच्या फाटकाला कुलूप होतं."

फूल हातात तसंच घेऊन मी घरी आले आणि फाटकातच रडत उभी राहिले. कोणी बघितलं असेल तर बघू दे.

एकिनेशिया दर वर्षी मुळातून फुटतं, मुलगा म्हणाला होता तसंच. जास्वंदही भरभरून येते. ती आता मीच सकाळी तोडते, कळ्या ठेवून, आणि पिशवीत घालून फाटकाच्या कडीला अडकवते, नेईल कोणीतरी म्हणून. संध्याकाळपर्यंत फुलं मिटून जातात. मग ती कुंडीत टाकते आणि पिशवी धुऊन दुसऱ्या दिवसासाठी वाळत घालते.