जुन्या डब्यात नवी डिस्क

असले किस्से मला आठवावे लागत नाहीत. दर रविवारी एखादा किस्सा कॅबिनेट काखेत मारून स्वतःच दारात उभा राहतो! मी दिल्लीत सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून कॉलनीतल्या मराठी मंडळींना माझा रविवार आपलाच वाटतो. "जरा बघून दे," म्हणतात. त्या 'जरा'ला पंधरा वर्षं झाली. खरंच थकलोय.

दुखणं सगळ्यांचं एकच. कॉम्प्युटर बारा वर्षांपूर्वीचा आणि डिस्क आजची. जुन्या बोर्डावर तिला जागाच नसते. मग एक कार्ड आणा, त्यावर डिस्क बसवा, ते कार्ड बोर्डावरच्या लांब स्लॉटमध्ये खोचा. त्यापेक्षा केबलवाली साधी एसएसडी डिस्क घ्या, असं मी घसा कोरडा करून सांगतो. पण मला विचारतात ते विकत घेऊन झाल्यावर!

* * *

कुलकर्णी साहेबांनी ती च्युइंगगमएवढी डिस्क रॅमच्या जागेत दाबून पाहिली होती. "थोडीशीच अडते, यार," म्हणत त्यांनी माझ्यासमोर पिशवीतून कानस काढली!

* * *

मेश्राम वहिनींकडे कार्ड बसलं, डिस्कही दिसली. पण त्या जुन्या बोर्डाला तिच्यावरून विंडोज सुरूच करता येईना. म्हटलं, विंडोज जुन्या डिस्कवर राहू द्या, फायली तेवढ्या नवीवर ठेवा.

वहिनी सेक्शन ऑफिसर आहेत. म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे भाऊजी, नवा साहेब आला, पण सही जुन्याचीच चालणार!"

बिल्कुल.

* * *

माझा साडू पानिपतहून बसने आला, मांडीवर कॅबिनेट घेऊन. डबा बारीक, कार्ड उंच, झाकण काही लागेना. धुळीचं काय करशील, विचारलं.

"वरून चादर टाकतो. पानिपतात चादरींचेच कारखाने, तोटा कसला!"

* * *

"आपला कॉम्प्युटर कधी करणार?" बायकोनं विचारलं.

"रविवारी."

ती हसलीसुद्धा नाही.

* * *

वानखेडे काका कॉम्प्युटर सुरू करून आंघोळीला जातात. परत येतात तरी पडद्यावर चक्र फिरतच असतं. नागपूरची नात दुपारी व्हिडिओ कॉलची वाट बघत बघत झोपून जाते. शेवटी मुलीनं डिस्क आणि कार्ड पाठवून दिलं.

मी झाकण उघडलं. लांब स्लॉट एकच, आणि त्यात एक जुनं ग्राफिक्स कार्ड. चालू करून पाहिलं तर मेलेलं, त्याचा पंखासुद्धा हलत नव्हता. काम न करणारी वस्तू आधी बाहेर, हा माझा नियम. स्क्रू ढिला केला.

"ते काढू नकोस," काका म्हणाले.

"काका, ते काहीच करत नाही. मॉनिटर तर बोर्डावरच जोडलाय."

"अमोलनं लावलंय. बारावीत होता. गेम खेळायला."

अमोल त्यांचा मुलगा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

मी स्क्रू परत आवळला.

"मग राहू दे तसंच," काका म्हणाले. "नातीला सांगतो, थोडा वेळ जागी राहा."

"नको काका. माझ्या घरी एक केबलवाली डिस्क पडलीय. तिला स्लॉट लागत नाही. आत्ता आणतो."

"चालेल." मग ते डब्यात वाकून बघत राहिले. "पण आधी तो पंखा पुसून दे."