दोन टाक्यांची गाडी

पुंजारामकाकांनी गाडी आणली तेव्हा आमच्या आळीत कुणाकडेच गाडी नव्हती. पोरं टपावर चढली, म्हाताऱ्यांनी दारं उघडून-मिटून पाहिली. काकांनी पेढे मात्र वाटले नाहीत.

ते साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही संगमनेरात शेजारी. त्यांचं घर दोघांचंच. १९९६च्या उन्हाळ्यात रतनकाकूंना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला आणि नाशिकच्या दवाखान्यात पंचवीस वेळा रेडिएशन घ्यायला सांगितलं. काकू त्याला शेक म्हणत, गुडघा दुखत असल्यासारखं. आठवड्यातले पाच दिवस जायचं, मधे खंड पाडायचा नाही. दोन दिवस त्या एस.टी.नं गेल्या. तिसऱ्या दिवशी सिन्नरपर्यंत उभं राहावं लागलं आणि संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून घरी आणलं. त्याच आठवड्यात काका गाडी बघायला गेले.

जुनी अँबॅसेडर होती, वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून चाललेली. मीटरवर बारा हजार किलोमीटर दिसत होते.

"बारा न्हाई, एक लाख बारा," काका म्हणाले. "का दोन लाख बारा, ते तिचं तिलाच ठावं. तिचा काटा फिरून परत शून्यावर येतो. मानसाचं तसं न्हाई."

रोज नाशिकला जाऊन यायचं तर नुसतं पेट्रोल परवडणारं नव्हतं. आधीच्या मालकानं डिकीत रॉकेलची दुसरी टाकी बसवून घेतली होती. गाडी पेट्रोलवर चालू करायची, इंजिन चांगलं तापलं की डॅशबोर्डखालचा कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची. घर जवळ आलं की पुन्हा पेट्रोलवर. हे शेवटचं विसरलं की कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि सकाळी थंड इंजिन काही केल्या पेटत नाही.

पहिल्याच आठवड्यात काका विसरले. सकाळभर हँडल मारून त्यांच्या तळहाताला फोड आले, एक शेक बुडाला, डॉक्टर रागावले. काकू नवं लुगडं नेसून ओट्यावर बसून होत्या. तेव्हापासून नियम ठरला. जकात नाका आला की कॉक पेट्रोलवर.

गाडीचं काका सगळं स्वतः करत. रविवारी अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरत. प्लग घासत, पॉइंट साफ करत. ऑईलची पट्टी काढून मला दाखवत.

"बघ, ऑईल वाढलंय."

"मग बरंच की, काका."

"बरं कशाचं? झिजलेल्या इंजिनातनं रॉकेल खाली उतरतं, म्हनून वाढल्यागत दिसतं. असलं वाढनं लई वाईट." आणि ते ऑईल काढून टाकत, नवं भरत.

रॉकेलचा वास काकूंना सहन होत नसे. कॉक त्यांच्याच बाजूला होता. काका हात लांब करून तो पेट्रोलवर करत आणि दोन मैलांवर काकू नाकाला पदर लावून तो पुन्हा रॉकेलवर करत. एकदा मी मागच्या सीटवर होते, पुढं घाट लागत होता.

"त्या वासानं चक्कर येती तुला," काका म्हणाले.

"मला पेट्रोलच्या भावानं येती."

"तू गाडीला हात लावू नको."

"मग माझ्या फुडं कशाला ठिवलाय? तुमच्या मांडीवर बसवायचा हुता."

काका हसले. तो घाट त्यांनी पेट्रोलवरच चढवला.

दहाव्या शेकानंतर काकूंचं हसणं कमी झालं. पोटात काही ठरेना. कातडी भाजल्यासारखी काळी पडली. रस्त्यात चार-पाचदा गाडी थांबवून आडोसा शोधावा लागे. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. "अहो, आता बास करू." आणि काकांचा, "थोडंच ऱ्हायलंय, रतन. मधी सोडायचं नसतं." त्यांनी उभ्या आयुष्यात एकही मशीन अर्धवट खोलून ठेवलं नव्हतं.

सोळावा शेक घेऊन ते आले तेव्हा मी दारात उभी होते. गाडी लावायच्या जागी कुणीतरी बाज टाकली होती. इंजिन चालू ठेवून काका उतरले, बाज उचलून भिंतीला लावली, शेजारच्यांच्या शेळ्या हाकलल्या. काकू सीटवरून पुढे वाकल्या होत्या. मला वाटलं, उलटी होतेय. मी तांब्या घेऊन धावले.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "चप्पल बघते."

चप्पल त्यांच्या पायातच होती.

सकाळी गाडी चालू झाली नाही. काकांनी हँडल मारलं, पुन्हा मारलं. मग दार उघडून खाली वाकून पाहिलं. कॉक रॉकेलवर होता.

"काल नाक्यावर मी फिरवला हुता," ते स्वतःशीच म्हणाले. मग वर पाहिलं. काकू ओट्यावर बसल्या होत्या, जुन्याच लुगड्यात. दोघांची नजरानजर झाली, तशी काकूंनी नजर अंगणातल्या शेळ्यांकडे वळवली.

आता काकांना हे काम दहा मिनिटांचं होतं. रॉकेल काढायचं, कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल घालायचं, की गाडी निघाली. काकूंना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी गाडी बंद पडली की सकाळ गेली. काकांनी बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग बॉनेट लावलं आणि फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते.

"आज न्हाई निघत, रतन."

"किती दिस लागतील?"

"सामान मिळायला पायजे. जुनी गाडी हाय."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. दुपारी ओट्यावर शांत झोपल्या. काका शेजारी बसून माशा वारत होते.

पुढच्या सोमवारी ते एकटेच एस.टी.नं नाशिकला जाऊन आले. डॉक्टर काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कारखान्यात ते पुन्हा सायकलनं जाऊ लागले. रविवारी गाडीला हात लावत नव्हते. टायरमधली हवा गेली, बॅटरी उतरली, ती त्यांनी उतरू दिली.

काकू दिवाळीच्या आत गेल्या.

जलदानविधीला काष्टीहून त्यांचा भाऊ रंगनाथ आला होता. भन्तेजींची वंदना झाली, खीर-पुरीचं जेवण झालं, माणसं मांडवात टेकली. रंगनाथ हात धुऊन आला. अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघत उभ्याउभ्याच म्हणाला,

"दाजी, गाडी घ्यायची तर धड घ्यायची. नऊ शेक ऱ्हायले माझ्या बहिनीचे, तुमच्या ह्या भंगारापायी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली.

"व्हय, रंगनाथ," ते म्हणाले. "माझ्याच हातनं ऱ्हायलं."

आणि सरकून त्याला सतरंजीवर जागा करून दिली.