गुरुवारी लाईट गेली नव्हती

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. प्रज्ञा सोनवणे गेल्याला महिना होऊन गेला. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं ते एवढंच, "जाताना काही बोलली का?" माझ्याविषयी काही बोलली का, हे मला हवं होतं... अशा वेळीही माणूस स्वतःचंच बघतो.

प्रज्ञा माझ्या कामावरच्या जोडीदाराची मुलगी. चिंचवडच्या कंपनीत मी आणि सोनवणे एकाच पॉवर प्रेसवर पत्रा घालायचो. पत्रा तिरका बसला की सोनवणे ओरडायचा, "थांब, राव." विचार करायच्या आत माझा हात मशीन बंद करायच्या बटणावर जायचा. माझी बोटं शाबूत राहिली ती त्या हाकेमुळे.

प्रज्ञा संत तुकाराम नगरात मुलांना पियानो शिकवायची, पण तिचं खरं वेड वेगळं होतं. ती माणसांचे आवाज, आमच्या कंपनीतलेसुद्धा, रेकॉर्ड करायची आणि कार्यक्रमात पियानो वाजवता वाजवता लॅपटॉपवर ते आवाज ताणायची, तोडायची, एकावर एक चढवायची. मी चेष्टा करायचो, "पोरी, हे गाणं आहे की मशीन बिघडलंय?" ती म्हणायची, "काका, तुम्ही जन्मभर हेच ऐकलंत की. तेही तिकीट न काढता."

सोनवणे वारल्यावर आमच्या निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात तिनं वाजवावं असं मीच सुचवलं. गुरुवार होता, कंपन्यांच्या सुट्टीचा वार, त्यामुळे सभागृह भरलेलं. मी मागे मेन स्विचजवळ उभा होतो. आधी पियानोचे सुटे सुटे स्वर आले, मग कॅन्टीनमधल्या गप्पा, भांड्यांचा आवाज, आणि मग एकदम सोनवणे. "थांब, राव." प्रज्ञानं तो आवाज परत आणला, लांबवला, भिंती भरून टाकल्या. थांब... थांब... आणि मी स्विच खाली ओढला.

हात आपोआप गेला, हे खरं. पण तो परत वर करायला मला कोणी अडवलं होतं? मेलेल्या दोस्ताचे असे तुकडे झालेले मला ऐकवत नव्हते, आणि शांत झालं ते मला बरं वाटलं, हेही खरंच. दुरुस्तीसाठी आमच्याकडे वीज गुरुवारीच जाते. कोणीतरी म्हणालं, "गुरुवारच तो. गेली लाईट." मी गप्प बसलो. मग समोरच्या दुकानातला पंखा फिरताना दिसला, तेव्हा मीच म्हणालो, "ट्रिप झालं असेल. केवढ्या वायरी लावल्यात तिनं."

ते वाक्य कॉलनीभर फिरलं. प्रज्ञाच्या वायरींनी सभागृह पेटलं असतं, इथपर्यंत गेलं. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली होती. "काका, तुमच्या कार्यक्रमाचा विचका केला मी. माफ करा." मी म्हणालो, "असू दे गं." माझी चूक, आणि माफी तिच्याकडून घेतली मी.

ती आजारी पडल्यावर सगळं सांगायचं ठरवूनच ताथवड्याला तिच्या फ्लॅटवर गेलो. ती खूश झाली, भावाला चहा टाकायला सांगितला. "बरं झालं आलात. ती रचना नीट केलीय, ऐका." उशीला टेकून तिनं लॅपटॉप लावला. पियानो, कॅन्टीन, भांडी... ऐकता ऐकता संपलं.

"बाबा कुठे गेले?" मी विचारलं.

"काढले. त्यांच्याच जागी आवाज फार वाढत होता. तिथंच तर ट्रिप झालं ना? ते रेकॉर्डिंगच पुसून टाकलं, काका. परत कोणाचा विचका नको."

मी म्हणालो, "प्रज्ञा, त्या दिवशी..."

लॅपटॉप मिटून ती माझ्याकडे बघत राहिली. "काय, काका?"

"काही नाही. चहा अर्धाच सांग."