पडद्यामागून दिलेला होकार

तुम्हाला वाटत असंल, आता एसटी हलणार, माय पदर तोंडाला लावणार, आबा पाठमोरं होऊन डोळं पुसणार. बसा वाट बघत. त्या दिवशी आमची एक मेंढी अडली होती, म्हणून माय फाट्यावर आलीच न्हाय. आबा आले, पण त्यांचं सगळं ध्यान रस्त्यापलीकडं चरायलेल्या मेंढरांत. वाशीच्या फाट्यावर गाडी थांबली, मी पत्र्याची पेटी टपावर चढवली आन कंडक्टरच्याच आवाजात म्हणलो, "चला, पुढं सरका." आतल्या तीन बाया खरंच पुढं सरकल्या. लोक हसले. खुद्द कंडक्टर हसला. आबा हसले न्हाईत. खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणले, "बिरदेवा, तिकडं गेल्यावर तुझ्या आवाजात बोलत जा."

असं म्हणायला मागचं एक कारण होतं. आमी मेंढपाळ. आबांची मेंढरांना घालायची हाक साऱ्या शिवारात निराळी. आधी जीभ टाळूला लावून लांब हुर्रर्र, मग छातीतनं एकच याऽऽ. दहा वर्षांचा असताना मी ती हुबेहूब काढायला शिकलो. एकदा कळप ओढ्याकडं निघालेला असताना बांधाआड लपून मी ती हाक दिली. सगळी मेंढरं जागच्या जागी वळली, माझ्याकडं धावत सुटली, आन वाटेतल्या पडक्या विहिरीत एक गाभण मेंढी गेली. आबांनी मला बोटसुद्धा लावलं न्हाय. मेलेली मेंढी दोराला बांधून वर ओढली आन दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मार पडला न्हाय म्हणजे गुन्हा बारकाच असणार, असं मी धरून चाललो.

शाळेत तर माझं चांगलंच फावलं. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झालती, तरी हजेरी घेताना आमच्या गुरुजींच्या तोंडून अजून उर्दूच निसटायची. निम्मी हयात त्यांनी त्याच भाषेत शिकवलं होतं. मी त्यांची नक्कल केली की वर्ग बाकावर डोकं टेकून हसायचा. मॅट्रिक दुसऱ्या झटक्याला पास झालो. वाशीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं, शहरात मोठ्या दवाखान्यात पोरांनाबी नर्सिंग शिकवायलेत, राहायची-खायची सोय हाय. म्हणून निघालो. गावात सांगून ठेवलं, "डाक्टरच्या हाताखाली हाय." आता हे वाचून तुम्हाला कळंल की मी डाक्टरच्या हाताखाली न्हाय, सिस्टरच्या हाताखाली होतो, आन मला तिथं ब्रदर म्हणायचे. ही लाज मला तवा मोठी वाटायची. खरी लाज कशी असती ते मला अजून माहीत नव्हतं.

दवाखान्याचं नाव लिहीत न्हाय. चूक दवाखान्याची नव्हती.

माझ्यासारखे जे गाव सोडून शिकायला गेलेत, त्यांना हे दिवस ठाव असतील. गावात पहाटं उठून मेंढरांचा वाडा झाडायचो, इथं पहाटं उठून चादरीचे कोपरे घड्या घालून असे ताणायचे की वर टाकलेली पेन्सिल उडावी. गावात काटा मोडला तर माय रुईचा चीक लावायची, इथं काचेची सिरिंज उकळायची, सुई दगडावर घासायची, आन आधी संत्र्याला टोचून शिकायचं. संत्र्याला टोचताना मी संत्र्याच्या वतीनं ओरडायचो. सगळे हसायचे, आमच्या सिस्टर ट्यूटरसुद्धा.

सिस्टर मरियम केरळच्या. मराठी त्यांनी रोग्यांकडून शिकलेली, त्यामुळं बाईमाणूस आन बाप्यामाणूस त्यांच्या बोलण्यात गळ्यात गळा घालून फिरायचं. "तो सुई कुठं ठेवला?" पण त्यांच्या 'ळ'पुढं आमचा 'ळ' फिका. दर वाक्याच्या आधी "हं, पाहा", आन शेवटाला "बाळ". दोन महिन्यांत तो आवाज माझ्या गळ्यात असा बसला की मी पडद्याआडून "हं, पाहा, बाळ" म्हणलो की पोरी उठून उभ्या राहायच्या. सिस्टरच्या कानावर गेलं तवा त्या म्हणल्या, "नक्कल करतो म्हणजे कान चांगला आहे. कान नाडीवर ठेव, बाळ."

आम्हाला त्या कॅज्युल्टीचं काम शिकवायच्या. अपघाताचा माणूस आला की आधी काय बघायचं, श्वास कसा बघायचा, रक्त कुठं दाबायचं, रक्त थांबवायचा रबरी पट्टा कधी बांधायचा, बांधल्याची वेळ रोग्याच्या कपाळावर शाईनं कशी लिहायची. आन एक नेम होता, तो त्यांनी आमच्याकडून रोज घोकून घेतला. गडबडीत तोंडी हुकूम आला तर शिकाऊनं तो मोठ्यानं परत म्हणायचा. वरच्यानं "हं, बरोबर" म्हणलं तरच हात चालवायचा. "एक वेळा ऐकला, दोन वेळा विचारला, मग केला," असं त्या म्हणायच्या.

शिकायची खोली कॅज्युल्टीला लागूनच होती. मधी भिंत अर्धीच, पुढं जाड हिरवा पडदा. अलीकडं आमचा कापसाचा माणूस, पलीकडं खरी माणसं.

त्या दुपारी सिस्टरला यायला उशीर झाला. आमी सहाजण कापसाच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधून बसलतो. कुणीतरी म्हणलं, "बिरू, घे की तास." मी चादर खांद्यावर घेतली, कमरेच्या किल्ल्या चाचपल्यासारखं केलं आन सुरू झालो. "हं, पाहा. पट्टा लई वेळ ठेवला की हात काळा पडतो. आता पट्टा सोड, बाळ."

एका पोरीचा आवाज आला, "पट्टा सोडते, सिस्टर?"

मला वाटलं, आमच्यातलीच कुणीतरी रंगात येऊन नेम पाळायलीय. मला अजून चेव चढला. मी मान हलवून, लांब सूर लावून म्हणलो, "हं, बरोबर."

आमच्यातलं कुणी बोललं नव्हतं. पलीकडनं सुलताना बोलली होती.

सुलताना आमच्याच जिल्ह्यातली, उमरग्याची. हैदराबादच्या रस्त्यावर तिच्या अब्बांचं ट्रकांचे टायर दुरुस्त करायचं दुकान. दुकानापुढं झालेले अपघात बघतच ती वाढली, म्हणून तिला हेच शिकायचं होतं. घरच्यांनी लई आढेवेढे घेऊन धाडलं, तेही एका बोलीवर. नाव खराब झालं तर त्याच दिवशी परत. त्या दुपारी गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेला एक माणूस आलता, दत्तू नावाचा, शहराजवळच्याच खेड्यातला, ग्लानीत. सिस्टरनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, सुलतानाला त्याच्याजवळ उभं केलं आन डाक्टरला आणायला ऑपरेशनच्या खोलीकडं गेल्या. सुलतानानं एक वेळा ऐकलं, दुसऱ्यांदा विचारलं, आन मग पट्टा सोडला. शिकवलं होतं तस्संच.

ओरडली ती बाहेरनं आत आलेली दत्तूची बायको. मी पडदा वर केला. फरशीवर रक्त होतं, सुलताना दोन्ही हातांनी जखम दाबायलीती, आन सिस्टर, ज्यांना मी कधी पळताना बघितलं नव्हतं, त्या पळत आल्या आन दंडाच्या नाडीवर अंगठा रोवून तशाच उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावर अजून चादर होती. मी ती हळूच काढून घडी घातली. कोपरे मिळवून.

माणूस जगला. आठ दिवसांनी त्याचा हात कोपराखाली काढावा लागला. डाक्टर म्हणले, चरकानंच काम केलं होतं, हात जायचाच होता. ते वाक्य मी अजून तोंडात घोळवतो. गोड लागत न्हाय.

सुलतानाला विचारलं तवा ती म्हणली, "सिस्टर, तुम्हीच सांगितलं. मी परत म्हणलं. तुम्ही बरोबर म्हणला." सिस्टर म्हणल्या, "मी इथं नव्हता, बाळ." सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या दुसरीकडं होत्या. मग पोरगी खोटं बोलायलीय, घाबरून बनवून सांगायलीय, असं ठरलं. आमी सहाजण खाली बघत उभे. बाकीचे पाच माझ्यासाठी गप्प बसले, त्याला ते दोस्ती समजले. मी कुणासाठी गप्प बसलो ते सांगायला नको. त्या सांजेला मेसमध्ये कुणीतरी म्हणलं, "बिरू, आज गप का?" तर मी आचाऱ्याची नक्कल केली. गप्प राहिलो असतो तर लोकांना कळलं असतं ना. लोक हसले. सुलताना कोपऱ्यात बसून भाकरी मोडत होती, खात नव्हती.

चार दिवस असेच गेले. मग सकाळी तिचे अब्बा आले. हाताच्या रेघांत काळं ग्रीस भरलेला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. फाटकाजवळ मी भेटलो. मी वाशीकडचा हे कळल्यावर त्यांना मुलखाचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणले, "पोरगी झूट बोलती म्हणून चिठ्ठी आली. बाबा, माझ्या दुकानावर रोज ट्रकवाले येतात. झूट मला वासावरनं कळतं. ती म्हणती आवाज आला, तर आला. पर इथं कोण सुनणार आमचं?" आन मग म्हणले, "तुम्ही तरी तिच्याशी बोलत जायचं होतं. आपल्याकडली एकटीच होती."

तिची पत्र्याची पेटी ओसरीवर बांधून ठेवलेली. माझ्या पेटीसारखीच.

मी सिस्टरच्या खोलीत गेलो. सुलताना उभी होती, अब्बा माझ्या मागून येऊन दारात थांबले. मी म्हणलो, "आवाज माझा होता." सिस्टरना पटलं न्हाय. मी नक्कल करतो हे त्यांच्या कानावर होतं, पण ती त्यांनी स्वतः कधी ऐकली नव्हती. त्यांना वाटलं, पोरीला वाचवायला बोलायलोय. म्हणल्या, "करून दाखव."

इतकी वर्षं लोक मला म्हणायचे, करून दाखव, आन मी वाट न बघता सुरू व्हायचो. त्या दिवशी सुरू व्हावंसं वाटलं न्हाय. तरी केलं. "हं, पाहा. आता पट्टा सोड, बाळ." चुकून तरी वाईट निघंल असं वाटलं होतं. हुबेहूब निघाला. सिस्टरचा हात आपल्याच किल्ल्यांवर गेला. सुलतानाचे हात आपसूक पुढं आले, आन तिनं ते ओढणीत लपवले.

"तो तुला विचारला," सुलतानाकडं बोट करून सिस्टर म्हणल्या, "पट्टा सोडते का. तू काय म्हणाला?"

"हं, बरोबर," मी म्हणलो. ते मात्र माझ्या आवाजात निघालं.

सुलताना राहिली. तिचे अब्बा जाताना माझ्याकडं न बघता गेले. माझं शिक्षण सहा महिने पुढं ढकललं, कॅज्युल्टी बंद, सिरिंजा उकळायचं काम. हिरवा पडदा अजून हाय, पण आता तो दोरीनं बांधून ठेवलेला असतो. नेमात एक गोष्ट वाढली. हुकूम देणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय हात चालवायचा न्हाय. नव्या पोरींना ते सुलताना शिकवती. कामून ते ती सांगत न्हाय. मी उकळलेल्या सिरिंजा घेऊन गेलो की ती ट्रे घेती आन मोजून परत म्हणून दाखवती, "सहा सिरिंजा, चार सुया." मी म्हणतो, "बरोबर." आमच्यात एवढंच बोलणं हाय, आन ते खरं असतं.

मधी पंधरा दिवस घरी गेलतो. वाशीच्या फाट्यावर उतरलो तर वाटलं, झालं, सुटलो. घर म्हणजे काय, जिथं मागचं कुणी विचारत न्हाय, असंच मला बाहेर पडल्यापासनं वाटायचं. मायनं चांगलं केलं, खाऊ घातलं, लई वाळलास म्हणली. शेजारी जमले, म्हणले, शहरातल्या डाक्टरची नक्कल कर. मी उठून मेंढरांकडं गेलो. आबा बांधावर बसलते. त्यांना सगळं सांगितलं. आवाज, पडदा, सुलताना, दत्तूचा हात. त्यांनी मधी एकदाच तोंड उघडलं, हाक घातली आन ओढ्याकडं भरकटलेली चार मेंढरं माघारी आणली. मग विचारलं, "त्या माणसाला ठाव हाय का?" मी म्हणलो, न्हाय, त्याला पोरीकडनं चूक झाली एवढंच ठाव हाय, ते कुणी जाऊन दुरुस्त केलं न्हाय.

मी हे दत्तूच्या गावच्या फाट्यावर बसून पुरं करायलोय. गाव इथनं दिसतं. घर कशाला म्हणायचं ते मला त्या दिवशी बांधावर कळलं, आन ज्या बोलण्यानं कळलं ते आबांच्या शब्दांत खाली लिहून ठेवतो. वाचताना त्यांच्या आवाजात वाचू नका. मीसुद्धा आता तो काढत न्हाय.

"विहिरीत मेंढी गेली तवा म्या तुला बोललो न्हाय, ही माझी चूक. मला वाटलं, लेकराला कळलं आसंल. मेंढरू तोंड बघत न्हाय, आवाजामागं येतं. पुढं गवात हाय का इहीर हाय, त्येला काय ठाव? म्हून हाक घालणाऱ्यानं आधी पुढं बघायचं आसतंय. आन ती पोरगी तर मेंढरू न्हवती. तिनं इचारलं तुला. इचारलं, आन तू व्हय म्हणलास. वर चार दिस गप बसलास, आन लोकास्नी हसवलंस. आता हितं कशाला आलास, लपायला? हे काय लपायचं ठिकाण हाय? माझ्या हाकेवर येवढी मेंढरं येत्यात, त्यांच्यात बसून तू खोटा होऊन भाकर खाणार? ऊठ. त्या माणसाच्या दारात जा आन त्येला तोंड दाखवून सांग. त्यो काय म्हणंल ते ऐकून घे, परत म्हण, आन मग घरी ये. तवर तुझी माय बोलावंल, म्या बोलावणार न्हाय."