एका बाळासाठी उघडलेली बाटली

घरातलं मी सहसा इथे लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत एका मुलाला गोवर झालाय. माझी भाची दहा महिन्यांची आहे. तिला गोवराची लस दिलेली नव्हती, कारण दादा, म्हणजे तिचा बाबा, "लशीबद्दल अजून वाचतोय" म्हणत टाळत होता. आज वहिनीने त्याला अक्षरशः गाडीत बसवलं. मीही गेले.

लसीकरण केंद्रावर पोहोचलो तेव्हा सिस्टर आवराआवर करत होत्या. ही लस पावडर असते. द्रावण मिसळलं की ती काही तासच चालते, उरलेली टाकावी लागते. सकाळची बाटली टाकून झाली होती.

दादाला सुटल्यासारखं झालं. "मग पुढच्या वेळी येतो."

"थांबा हो," म्हणत सिस्टरनी डब्यातून नवी बाटली काढली.

"एकटीसाठी अख्खी? बाकीचे डोस फुकट जातील की!" दादा म्हणाला.

"जाऊ देत. आज आलायत ना? पुढच्या वेळी याल, याची तुम्हाला तरी खात्री आहे का? हात धरा बाळाचा."

दादाने हात धरला.

कारखान्यात काय वाया जातंय ते शोधून थांबवणं, हे माझं काम. बाजूला ठेवलेल्या त्या जवळजवळ भरलेल्या बाटलीकडे मी बघत राहिले. इतकं विचारपूर्वक वाया घालवलेलं मी आजवर काहीच पाहिलं नव्हतं.

भाची रडली, मग सिस्टरचं ओळखपत्र ओढत बसली.

तुमच्या घरी कोणी अजून वाचत असेल, तर त्याला गाडीत कसं बसवाल?