नळाची निवडणूक

अक्षय्यतृतीयेची सकाळ. आमच्या गल्लीच्या नळापाशी एकेचाळीस घरांतली एकेचाळीस माणसे, दोन मडकी, एकेचाळीस चिंचोके; आणि मडक्यांमागे "कारण सांगा, कारण!" असे कोणाला तरी दटावत उभे असलेले आमचे प्रोफेसर.

हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवीत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात माझ्या शेजारची खोली घेत आणि वही काखेत मारून गिरणीच्या फाटकावर, विणकरांच्या मागांवर हिंडत. पंचांचा निवाडा का मानता? कारण सांगा! भाजीवालीलाही तेच. माझी बायको म्हणे, "वांगी आणायला गेले, नि कारण तेवढं घेऊन आले."

त्या काळी मत असे ते घरपट्टी भरणाऱ्यांना. आमच्या गल्लीत असे तीनच. पण निरक्षर माणूसही विचार करूनच मत देईल, असा प्रोफेसरांचा प्रबंध होता. वरिष्ठांनी तो दोनदा परत केला होता. "अडाणी माणूस पगडी बघून मत देतो. पुरावा आणा," असा त्यांचा शेरा. आता शेवटची संधी उरली होती.

नळावर रोज भांडणे. म्हणून नंबर लावणारा प्रमुख मतांनी निवडायचे ठरले. विणकराघरची नरसव्वा उभी राहिली. मी, मान द्यावा म्हणून, प्रोफेसरांचे नाव सुचवले. टाळ्या पडल्या आणि प्रोफेसरांचा चेहराही पडला. मला बाजूला ओढून म्हणाले, "अहो, काय केलंत हे! मी निवडून आलो तर प्रबंध बुडाला."

"मग नाव मागे घ्या."

"छे! खरी परीक्षा आता आहे. होऊ द्या!"

एका मडक्यावर खडूने प्रोफेसरांचा चष्मा काढला, दुसऱ्यावर नरसव्वाच्या मागावरचा धोटा. प्रत्येकाने दोन्ही मडक्यांत मूठ घालायची, चिंचोका एकातच सोडायचा. बघणाऱ्याला काही कळत नसे. मी गिरणीत हजेरीचा कारकून, म्हणून मोजणी माझ्याकडे. आधी चष्मा घेतला. नऊ... दहा... अकरा... बारा... आणि माझी बोटे बुडाला लागली! धोट्याच्या मडक्यात एकोणतीस. तीनदा मोजले.

"बाराच!" प्रोफेसरांनी उपरणे हवेत उडवले. "हरलो! सपाटून हरलो!"

नरसव्वा बावरली. "मास्तर, राग नको. तुमी लई शिकलेलं. पण नळ येतंय पहाटे, तवा तुमी झोपलेलं असतंय की."

"हे कारण! लिहून घ्या, शब्दन् शब्द!" मग माझ्याकडे वळून, "तुमचं मत कुणाला?"

"तुम्हाला."

"कारण?"

"तुम्ही विद्वान. आदर वाटतो."

"सापडला! वरिष्ठ म्हणतात तो अडाणी माणूस सापडला!"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो, जरा उशिराने.

नरसव्वाचा पहिला हुकूम निघाला: नंबर मोडेल त्याला एक आणा दंड, जमा नळाच्या दुरुस्तीला.

तो प्रबंध मान्य झाला. पुढे ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि कामाच्या धबडग्यात सोलापूरला पुन्हा आले नाहीत. मला ते दिसतात ते त्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशीचे. टांगा दारात, गाडीची वेळ झालेली. घाईघाईने त्यांनी रांगेच्या पुढे जाऊन नळाखाली तांब्या धरला.

"मास्तर, नंबर मोडलं. दंड!"

रांगेतला सोपान म्हणाला, "अगं, पाव्हणं हायत, निघालेत. सोड की."

"नळाला कुटलं पाव्हणं?"

प्रोफेसरांनी तांब्यातले पाणी पुढच्या बाईच्या घागरीत ओतले, खिसे चाचपून एक आणा काढला, नरसव्वाच्या हातावर ठेवला, तिला वाकून नमस्कार केला आणि रिकामा तांब्या घेऊन टांग्यात बसले.