चिंधीचं भात

शेणव्याला आमची भाताची गिरण होती. उन्हाळ्यात पाड्यांवर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन, म्हणजे राब, भाजायला लागले, की ठिणगी उडून गवताची घरं पेटतील या धास्तीने लोक बियाण्याची पोती आमच्या पक्क्या गोदामात आणून ठेवत. पावती कसली नि काय! प्रत्येक बाई जुन्या लुगड्याची चिंधी पोत्याच्या तोंडाला बांधायची, झालं.

नव्वदच्या दशकात एका वर्षी तांदळाचे भाव भडकले. सरकारने गिरणीवाल्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली आणि पुरवठा खात्याचा अधिकारी तपासणीला आला. "आमचं थोडंच आहे, बाकी चिंधीवालं लोकांचं," बाबा म्हणाले.

"चिंध्या काय, मीपण बांधीन," असं म्हणत त्याने अख्ख्या गोदामाला सील ठोकलं. मेल्याचा असा राग आला मला!

पाड्यावरची एक मावशी रोज येऊन दारापाशी बसायची. "राब भाजून पडलाय गो. बी नाय मिळालं तर काय पेरू, माती?" माझा जीव खालीवर व्हायचा. बाबा मुंबईला वकिलाकडे खेपा घालत होते आणि ते आले की मी आधी विचारायची, "काय झालं?"

शेवटी हायकोर्टाचा आदेश आला. टंचाईत साठ्यावर मर्यादा घालायचा सरकारला हक्क आहे, पण चौकशी न करता दुसऱ्यांचा माल असा कोंडून ठेवता येणार नाही. ओळख पटवा आणि ज्याचं त्याला द्या. आम्ही पेढे वाटले.

त्याच अधिकाऱ्यासमोर सील निघालं. मावशीने पिशवीतून लुगड्याचा उरलेला तुकडा काढून आपल्या पोत्याच्या चिंधीला लावून दाखवला. बाकीच्यांनीही आपापली पोती नेली. मागे उरली ती निळ्या फुलांच्या चिंध्या बांधलेल्या पोत्यांची थप्पी.

ते आईचं पातळ होतं. गोधडीसाठी मीच बाजूला ठेवलेलं, नंतर कुठे सापडलं नव्हतं. म्हणजे बाबांनी आपलीच पोती लोकांची म्हणून दाखवली होती; अधिकाऱ्याचा संशय खरा होता, आणि बाबांच्या लबाडीपायी मावशीचं बी अडकलं होतं.

"ही कोणाची?" अधिकाऱ्याने विचारलं. मावशीने त्या पातळातल्या आईला वर्षानुवर्षं पाहिलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"असतील कोनाची तरी," ती म्हणाली आणि पोतं डोक्यावर घेऊन गेली.

पुढच्या वर्षी राब पेटले तेव्हा मी दारात तिची वाट बघत बसले. ती आली नाही. बी तिने गवताच्या घरातच ठेवलं होतं.